टेंभुर्णीकडची चौकशी

सोलापूर
५ नोव्हेंबर

चि. दानेश्वरी,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते शेवटी देईन. आधी तुझा जबाब घ्यायचा आहे.

फोन हातात असताना मामा पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. तूच मागच्या दिवाळीत सांगितलंस ना, की फोनवर गादीचं नुसतं बोललं तरी गादीच्या जाहिराती सुरू होतात? तेव्हापासून मी महत्त्वाचं काहीही फोनवर बोलत नाही. स्पीड पोस्टचं पाकीट निदान चिकटवलेलं तरी असतं.

परवा मी व्यवस्था बघतो त्या आपल्या ट्रस्टच्या मंगल कार्यालयात दोघं जण आले. एक शिवराज, टेंभुर्णीकडचा, दाढी राखलेला. दुसरी अंकिता, बोलायला चटपटीत. एकवीस डिसेंबरच्या रविवारी हॉल पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, धनुर्मासात कुणाचं लग्न काढलंत? तर म्हणे लग्न नाही, 'सोलापूर डेव्हलपर परिषद'. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक जमणार, दिवसभर भाषणं करणार आणि ऐकणार.

मी विचारलं, अध्यक्ष कोण? अध्यक्ष नाही. प्रमुख पाहुणे? नाहीत. स्वागताध्यक्ष, उद्घाटक, कुणाचा सत्कार? काही नाही. मग दीपप्रज्वलन कोण करणार? पोरगी म्हणते, "दिवा नाहीये काका, प्रोजेक्टर आहे." आपल्या सोलापुरात गल्लीतल्या गणपतीची मीटिंगसुद्धा अध्यक्ष ठरवल्याशिवाय सुरू होत नाही. आणि हे म्हणतात, बाहेरगावची माणसं स्वतःच्या खर्चानं येणार, फुकट भाषण देणार, शाल-नारळ न घेता परत जाणार. उभी हयात मी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढली. गाडीत चढलो की जो माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघत असतो, त्याच्याकडे तिकीट नसतं. मला ह्या प्रकरणात तसाच वास आला.

मी पुरावा मागितला. पोरीनं मोबाईलवर पोस्टर दाखवलं. त्यात वक्त्यांच्या रांगेत तू! फोटोसकट!

चेहऱ्यावर मी काही दाखवलं नाही. 'विचार करून सांगतो' म्हणून दोघांना वाटेला लावलं. आता तू सांग. तुझी आई, माझी अक्का, अक्कलकोटाहून विनवण्या करकरून थकली, पण लेकीला बंगळुरातून सुट्टी मिळत नाही. आणि कुणा अनोळखी पोरांच्या सभेत भाषण ठोकायला मात्र सुट्टी मिळते, ती पण घरात कुणाला न सांगता. हे काय चाललंय?

सगळं सविस्तर लिही. आशीर्वाद उत्तर आल्यावर.

तुझा मामा,
विरुपाक्ष

*

बंगळूर
१० नोव्हेंबर

प्रिय मामा,

नमस्कार मी आधीच करते. मी तुमच्यासारखी अडवून धरणारी नाही.

मामा, अहो, ही साधी परिषद आहे. अशा परिषदा पुण्यात, बंगळूरला रोज होतात. कुणी काही नवीन शिकलेलं असतं, ते बाकीच्यांना सांगतं. शाल मिळत नाही, पण चार माणसांची ओळख होते. सोलापुरात पहिल्यांदाच होतेय. ती पोरं नोकऱ्या सांभाळून हे उभं करतायत, आणि तुम्ही त्यांना विनातिकीट प्रवाशासारखं उभं केलंत!

माझ्या भाषणाचा विषय आहे 'चालतंय म्हणजे बरोबर आहे का?' मी टेस्टर आहे हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्यानं केलेलं ॲप कुठे मोडतं ते शोधायचं, म्हणजे दिवसभर संशय घ्यायचा. हा गुण कुठल्या घराण्यातून आला ते सांगायला नको. लहान गावातली माणसं ॲप वापरताना कुठे अडतात, हे मी सांगणार आहे.

आता कळकळीची गोष्ट. ह्या भाषणासाठी पुष्कळ जणांनी अर्ज केले होते. निवड करणाऱ्यांनी नावं झाकून अर्ज वाचले. म्हणजे माझं नाव न बघता मला निवडलं. ह्याचं मला किती वाटतं ते लिहून सांगता येणार नाही. म्हणून तीन विनंत्या. हॉल त्यांना द्या. मी तुमची भाची आहे हे त्यांना सांगू नका, नाहीतर उद्या लोक म्हणतील मामामुळे वर्णी लागली. आणि आईला एवढ्यात काही बोलू नका. ती लगेच सगळ्या पाहुण्यांना गोळा करून पहिल्या रांगेत बसवेल. भाषण झालं की मी स्वतः अक्कलकोटला जाऊन सांगते.

सध्या घरूनच काम करतेय, त्यामुळे पत्र लिहायला वेळ मिळाला. मामीला माझा नमस्कार सांगा.

तुमची,
दानेश्वरी

*

सोलापूर
१५ नोव्हेंबर

चि. दानेश्वरी,

हॉल दिला. ट्रस्टींना म्हटलं, धनुर्मासात तसाही हॉल रिकामाच असतो, पोरांचं भलं होऊ दे. तुझं-माझं नातंही सांगितलं नाही. अक्काला तर नाहीच. आता आशीर्वाद घे.

पण तू पत्र लिहिल्यानं माझा संशय कमी झालेला नाही, वाढलाय.

बघ हं. नातं लपवायचं. आईपासून लपवायचं. एवढे महिने आली नाहीस ती आता धावत येणार. आणि काल तो शिवराज हॉल बघायला आला होता. वायफाय कुठे बसवायचं, खुर्च्या कशा लावायच्या, सगळं मोजत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, भाषणं कशी लावणार? तर म्हणतो, "दानेश्वरी मॅडमचं सकाळीच ठेवू. जेवणानंतर लोक पेंगतात." एवढे वक्ते आहेत, त्यातल्या नेमक्या तुझ्याच भाषणाला लोक पेंगू नयेत ह्याची ह्याला काळजी. बाकीच्यांच्या भाषणाला घोरले तरी चालेल! आणि तुझं नाव घेताना हसला. मी चेहरे वाचण्याचाच पगार खाल्लाय, मला शिकवू नकोस.

दानेश्वरी, मी काही जुन्या वळणाचा राक्षस नाही. मुलगा आवडला असेल तर सरळ सांग. तुझे वडील गेल्यापासून तुझ्याबाबतीत अक्का प्रत्येक गोष्ट मला विचारते. उद्या काही वेडंवाकडं निघालं तर ती मलाच म्हणेल, तुझ्या हॉलमध्ये झालं आणि तुला दिसलं नाही? तू सांगत नाहीस तर मला माझ्या पद्धतीनं खात्री करून घ्यावी लागेल.

सोमवारी मला टेंभुर्णीकडे जरा काम आहे. आल्यावर लिहितो.

विरुपाक्ष मामा

*

बंगळूर
१९ नोव्हेंबर

मामा,

टेंभुर्णीला तुमचं काय काम असतं? जन्मात कधी टेंभुर्णीला उतरलेलं ऐकलं नाही!

शिवराजला मी अजून पाहिलेलंसुद्धा नाही. दोन-तीन मेल आलेत, आणि त्यात प्रोजेक्टरची वायर कुठली लागेल एवढंच आहे. तो हसला असेल तर त्याला हसायची सवय असेल. मी कुणाच्या प्रेमात नाही. माझ्या डोक्याला दुसरे व्याप पुष्कळ आहेत.

कृपा करून तिकडे जाऊ नका. गेला असाल तर कुणाशी बोलू नका. बोलला असाल तर लगेच कळवा.

दानेश्वरी

*

सोलापूर
२४ नोव्हेंबर

चि. दानेश्वरी,

तुझं पत्र मिळालं, पण मी आधीच जाऊन आलो होतो. आता जे झालं ते नीट सांगतो. वाचताना मध्येच चिडू नकोस.

टेंभुर्णीला उतरून शिवराजच्या गावी गेलो. मोक्याच्या जागा मला माहीत असतात. आधी चहाच्या हॉटेलात बसलो, मग पिठाच्या गिरणीत, मग दुकानात. मुलगा कसा आहे, व्यसन काही, स्वभाव तापट का, आईबाप कसे, घरात भांडणं होतात का. अगदी सहज विचारल्यासारखं. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री. लोक फार अदबीनं सांगत होते, माझंही नाव-पत्ता विचारून घेत होते. हॉटेलवाल्यानं तर चहाचे पैसेच घेतले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मला वाटलं आपलं व्यक्तिमत्त्वच तसं आहे.

निष्कर्ष: मुलगा सोन्यासारखा आहे. सुपारीचं खांड खात नाही. मी समाधानानं परत आलो.

काल सकाळी दारात जीप थांबली. शिवराजचे आईवडील उतरले, जोतीराम आणि सारजाबाई. हातात पेरूची पिशवी. पाणी झालं, हवापाण्याचं बोलणं झालं. मग जोतीरामनं घसा साफ केला.

"पाव्हणं, तुमी गावात आलता म्हनं. हाटेलात इचारलं, गिरनीत इचारलं. निस्तं आमच्याच दारात आला न्हाय."

मी म्हटलं, "सहज आलो होतो हो, फिरत फिरत."

"पोरगा दारू पितो का म्हनून सहज कोन इचारतंय व्हय?"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी संशयिताचा तपास करत होतो, आणि अख्खं गाव समजत होतं की मी मुलीसाठी स्थळ बघायला आलोय! आणि खरंच, आपल्याकडे परगावचा वयस्कर माणूस येऊन असं विचारतो तो दुसऱ्या कशासाठी?

सारजाबाई फार गोड बाई. म्हणाल्या, "आमी राग न्हाय धरला, दादा. पोरगी चांगलीच आसंल की. पन आमचं पोरगं इतक्यात लगीन नगं म्हनतंय. आन तुमचं-आमचं जमायचं कसं? तुमी गळ्यात लिंग बांधनारी मानसं. आमच्यात दर ऐतवारी मटान शिजतंय. पोरीचं हाल व्हतील. म्हनून म्हटलं, तोंडावर जाऊन सांगून यावं, मनात काय ठिवू नये."

म्हणजे बघ. मी स्थळ घेऊन गेलोच नव्हतो, आणि ही माणसं एवढ्या लांबून पेरू घेऊन नकार द्यायला आली होती! मी तोंड उघडणार, गैरसमज दूर करणार, एवढ्यात तुझी मामी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. सावित्रम्माचा आवाज तुला माहीत आहे.

"काय ओ, आमच्या दानेश्वरीत काय कमी हाय म्हणून नको म्हणताय? बंगळूरला एवढ्या मोठ्या कंपनीत हाय की ती!"

"दानेश्वरी?" सारजाबाई म्हणाल्या. "आमच्या शिवराजच्या फोनमदी फोटू हाय ती? भाशनवाली?"

झालं. आता त्यांना सगळं कळलं. मी नंतर पुष्कळ समजावलं की लग्नाचा काही विषय नाही, पण जेवढं जास्त समजावलं तेवढं त्यांना वाटलं, नकार मिळाला म्हणून म्हातारा आता शब्द फिरवतोय. जाताना जोतीरामनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घिऊ नका, चांगलं स्थळ मिळंल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक मात्र खरं, की आता मुलाबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. तुझ्याबद्दल अजून आहे. तू 'दुसरे व्याप' लिहिलंस. ते कोणते?

विरुपाक्ष मामा

ता. क. पेरू गोड होते.

*

बंगळूर
२९ नोव्हेंबर

मामा,

माझं भाषण रद्द झालं.

अंकिताचा मेल आलाय. 'तुमचं भाषण सध्या बाजूला ठेवलं आहे, कृपया गैरसमज नको.' शिवराजच्या घरून सगळं त्यांच्या ग्रुपवर पोचलं. ज्याचा अर्ज निवडला गेला नव्हता अशा गुरुलिंग नावाच्या कुणीतरी लिहिलं: 'हॉल मामाचा, नवरा आयोजक, भाषण भाचीचं. नावं झाकून निवड म्हणे!' त्यावर सगळे हसले. ते हसणं मी वाचलं.

आणि त्याला बोलायला मला तोंड नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

तुम्ही विचारलंत, व्याप कोणते. घ्या, ऐका. जूनमध्ये कंपनीनं आमचा टेस्टिंगचा सगळा विभाग बंद केला. आता ते काम मशीनकडून करून घेतात. तेव्हापासून मी घरी बसून आहे. 'घरून काम' नाही, मामा. नुसती घरी. रोज सकाळी आंघोळ करून, वेणी घालून लॅपटॉपसमोर बसते आणि अर्ज करते. बहुतेकांचं उत्तरसुद्धा येत नाही. आईला सांगितलं नाही, कारण तिच्या तोंडी दुसरं कौतुकच नाही, माझी पोरगी बंगळूरला कंपनीत हाय. ते तिच्याकडून कसं काढून घेऊ?

पुण्याच्या एका कंपनीची माणसं ह्या परिषदेला येणार आहेत. त्यातल्या एका बाईंनी मला लिहिलं होतं, 'तुमचं भाषण ऐकते, मग नोकरीबद्दल बोलू.' एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघायला तयार होतं. ते भाषण म्हणजे माझी मुलाखत होती. म्हणून मला नातं लपवायचं होतं. म्हणून आईला सांगायचं नव्हतं.

मी काहीतरी लपवतेय हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण बाई काहीतरी लपवते म्हणजे त्यात पुरुषच असणार, ह्याच्या पलीकडे तुमची बुद्धी गेली नाही. मला एकदा नीट विचारलं असतंत तर कदाचित सांगितलंही असतं. तुम्ही मला विचारलं नाहीत, तुम्ही गिरणीत जाऊन विचारलंत.

मला सध्या पत्र लिहू नका.

दानेश्वरी

*

सोलापूर
३ डिसेंबर

दानेश्वरी,

लिहू नका म्हणालीस तरी लिहितोय. फोनही केला, स्वतःचा नियम मोडून. तू उचलला नाहीस ते बरोबरच केलंस.

जूनपासून तू एकटी हे काढतेयस आणि आम्ही इथे तुझ्या कंपनीच्या बढाया मारतोय. मला फार वाईट वाटलं. रागही आला, तुझाही आणि माझाही. मामीला अजून सांगितलेलं नाही. तुझ्या परवानगीशिवाय आता मी कुणालाही काही सांगणार नाही. फक्त एका ठिकाणी जाणार आहे.

मामा

*

सोलापूर
८ डिसेंबर

चि. दानेश्वरी,

काल त्या पोरांच्या मीटिंगला गेलो होतो. होटगी रोडला एका जिमच्या वर त्यांची खोली आहे. खुर्च्या नाहीत. पोत्यासारख्या मऊ गाद्या आहेत, त्यांवर बसायचं. मी बसलो आणि थेट जमिनीला टेकलो. म्हातारा माणूस गुडघे छातीशी घेऊन गंभीर बोलायला लागला की कसा दिसत असेल, तू कल्पना कर.

जे झालं ते तसंच सांगितलं. मुलगी माझी भाची आहे. तिनं मला नातं लपवायला सांगितलं, तेही कुणी तिच्यावर मेहेरबानी करू नये म्हणून. शिवराजला तिनं पाहिलेलं नाही. लग्नाची चौकशी नव्हतीच, मी माझ्या संशयी डोक्यानं गेलो होतो. तुझ्या नोकरीबद्दल एक अक्षर बोललो नाही.

पोरं हसली. शिवराज हसला नाही. म्हणाला, "काका, गावात आता मला 'नकार देऊन आलेला' म्हणतात. आईला तिसऱ्या दिवशी पंढरपूरहून दुसरं स्थळ आलं." मी त्याची माफी मागितली. पोरगा समजूतदार आहे. मी आणखी काही म्हणत नाही.

मग तो गुरुलिंग बोलला. बारीक, चष्मेवाला. "काका, समजा आम्ही तुमच्या भाचीला घेतलंच नाही. मग हॉल मिळणार का?"

मी सांगितलं, हॉल तुमचा आहे, ती बोलली तरी आणि नाही बोलली तरी. किल्ल्या बरोबर नेल्या होत्या. त्या अंकिताच्या हातात दिल्या आणि म्हटलं, आता परिषद होईपर्यंत ह्या तुमच्याकडे.

अंकिता हुशार आहे. ती म्हणाली, सगळे अर्ज पुन्हा एकदा नावं काढून बाहेरगावच्या तिघांकडे पाठवू. ज्यांना सोलापुरातलं कुणीच माहीत नाही अशांकडे. ते जे ठरवतील ते खरं. मग मला जायला सांगितलं. गादीवरून उठवायला दोघं लागले.

काय ठरलं ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही.

मामा

*

बंगळूर
१२ डिसेंबर

मामा,

अंकिताचा मेल आला. माझं भाषण पुन्हा घेतलंय. सकाळीच आहे, जेवणाच्या आधी.

मी मेल वाचला आणि आनंद व्हायच्या आधी मनात काय आलं सांगू? मामांनी हॉलचा धाक घातला असणार. तुम्ही लिहिलंय ते सगळं सुंदर आहे. किल्ल्या दिल्या, बाहेर पडलो, विचारलं नाही. पण लिहायला काय, काहीही लिहिता येतं. मीही सहा महिने तुम्हाला छान छान लिहितच होते की.

मला खरं हवंय. तुम्ही त्यांना काही बोललात का? एखादा शब्द, एखादी सूचना, 'ट्रस्टींना काय सांगू' असं काही? बोलला असाल तर मी येणार नाही. पुण्याच्या बाई येऊन बसल्या तरी येणार नाही. दुसऱ्याच्या दयेवर उभं राहून 'चालतंय म्हणजे बरोबर आहे का' असं विचारायला मला जमणार नाही.

आईला काल फोनवर नोकरीचं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती संतापली. का, तर मामाला आधी सांगितलंस आणि मला नंतर. अजून तेच धरून बसलीय. नोकरीबद्दल विचारायला तिला सवडच झालेली नाही.

उत्तर लगेच द्या.

दानेश्वरी

*

सोलापूर
१५ डिसेंबर

चि. दानेश्वरी,

खरं पाहिजे तर सगळंच घे.

गुरुलिंगनं विचारलं तेव्हा मी लगेच उत्तर दिलं असं मागच्या पत्रात वाटतं. लगेच दिलं नाही. 'मग ट्रस्टींना विचारावं लागेल' हे वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. एवढं बोललो असतो तरी पुरे होतं, पोरं सरळ झाली असती. माझ्या डोळ्यांपुढे तू होतीस, वेणी घालून लॅपटॉपसमोर बसलेली. पण त्याच पत्रात 'तुम्ही गिरणीत जाऊन विचारलंत' असं तू जे लिहिलंस तेही होतं. म्हणून गिळलं. बोललो नाही. एक शब्द नाही.

ह्याचा पुरावा माझ्याकडे नाही. गाडीतला प्रवासी मला शपथा घेऊन सांगायचा, साहेब तिकीट काढलं होतं, वाऱ्यानं उडालं. मी कधी एकाचंही ऐकलं नाही. आज तुझ्यासमोर तसा उभा आहे.

एक करतो. परिषदेच्या दिवशी मी हॉलवर येणार नाही. शुक्रवारी येळवस आहे, अमावस्येला शेतात जेवायला अक्कलकोटला जाणारच आहे, तसाच रविवारपर्यंत तिथे राहतो. मी पुढे बसलो तर कुणीतरी म्हणेलच, बघा, मामा आलाय. ते तुझ्या कानावर जाईल आणि तू अडखळशील. सावित्रम्माला पाठवतो. तिच्यावर कुणी संशय घेत नाही.

मला तुझं भाषण ऐकायचं होतं. शाळेत असताना तू बोलायचीस तेव्हा माझी नेमकी ड्युटी असायची. पण हे असू दे. तू ये.

आशीर्वाद, ह्यावेळी आधीपासून.

विरुपाक्ष मामा

*

सोलापूर
२० डिसेंबर, शनिवार

प्रिय मामा,

हे पत्र अक्कलकोटच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय. ते तुमच्या हाताखाली होते म्हणाले, घरी नेऊन देतील. तुमचा फोन बंद आहे. शेतात नेटवर्क नाही असं मामी म्हणते. मला वाटतं तुम्ही मुद्दाम बंद ठेवलाय.

सकाळी आले ती थेट हॉलवर गेले. अंकिताला विचारलं, तुमच्यासारखंच, पुरावा मागितला. तिनं त्या तिघांची उत्तरं दाखवली. एक इंदूरचे, एक कोचीच्या, एक कुठले तरी अमेरिकेतले. तिघांनीही मला निवडलंय. कोचीच्या बाईंनी लिहिलंय, 'ह्या व्यक्तीला घ्याच.' व्यक्ती! मी मुलगी आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. मी प्रसाधनगृहात जाऊन रडून आले.

गुरुलिंग खुर्च्या लावत होता. मी त्याला म्हटलं, तुझा संशय बरोबर होता, मीही घेतला असता. तो ओशाळला. मग म्हणाला, "मॅडम, तुमचे मामा कुठायत? आमच्या मीटिंगमधून ते गेले, तेव्हा दाराशी थांबून मला म्हणाले, 'तू तो प्रश्न विचारलास ते चांगलं केलंस.' आमच्या घरातलं मोठं माणूस असं कधी म्हणालं नाही."

हे तुम्ही मला का लिहिलं नाहीत? ज्याचा पुरावा होता तेवढंच नेमकं गाळलंत.

मी उद्या काय करणार ते ऐका. बोलायला उभी राहिले की पहिल्याच वाक्यात सांगणार आहे. हा हॉल ज्यांच्या हातात आहे ते माझे मामा आहेत, आणि जूनपासून मला नोकरी नाही. पुण्याच्या बाईंसमोर सांगणार. एवढं सगळ्यांना माहीत झालं की माझ्याकडे लपवायला काही उरत नाही आणि कुणाला शोधायलाही काही उरत नाही. मग तुम्ही लपून बसायचं कारणच काय?

सकाळच्या पहिल्या गाडीनं या. आईलाही आणा, ती रागावलेली असली तरी. पुढे बसा, मधोमध. कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणू दे.

काल गाडीत सगळा वेळ भाषण पाठ करत होते आणि अर्ध्यावर येऊन विसरत होते. आत्ताही विसरतेय. समोर दोनशे अनोळखी तोंडं असणार.

मला भीती वाटतेय, मामा. या.

दानेश्वरी